आधी खुर्चीत बसायचं

"काकी, नियम तो नियम. आधी खुर्चीत बसूक व्हया, मगे मंडळात."

अनुजाने हे मला माझ्याच पडवीत बसून, माझ्याच हातची सोलकढी पिता पिता सांगितलं. मी तिच्या हातातला पेला काढून घेतला. अर्धा भरलेला होता, तरी घेतला.

"शिरा पडो तुझ्या नियमार," मी म्हटलं. "माका काय झाला खुर्चीत बसाक? चालता-फिरता माणूस मी. माझे पाय तुझ्यापरीस घट आसत."

"म्हणानच बसूचा," अनुजा म्हणाली. पोरगी अंगणवाडीत शिकवते, त्यामुळे हट्टी माणसांची तिला सवय आहे. पेला गेला तरी तिने वाटीतला उरलेला खाजा उचलला आणि खात खात पायऱ्या चढून निघून गेली.

आता ही खुर्ची काय भानगड आहे, ते सांगते. आमची खाजणवाडी खाडीला लागून, अगदी खाली. डांबरी रस्ता वर देवळापाशी येऊन संपतो आणि तिथून आमच्या घरांपर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. चांगली उभी. रिक्षावाला वरूनच हॉर्न मारतो आणि वाट बघतो. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही, पण आजारी माणूस वर न्यायचा कसा? पूर्वी चादरीच्या झोळीत घालून न्यायचे. झोळीत माणूस पार मुटकुळं होऊन जायचा. मग वाडीतल्या काही जणांनी मिळून मंडळ काढलं. पहिल्यांदा त्याचं नाव ठेवलं होतं 'खांदेकरी मंडळ'. ते ऐकून एक तापाने फणफणलेले आजोबा स्वतःच्या पायांनी पाखाडी चढून गेले, म्हणून घाईघाईने नाव बदललं. आता 'हातभार मंडळ' म्हणतात.

शाळेत हेडमास्तरांची एक जुनी हातांची खुर्ची मोडीत काढली होती, ती मंडळाने मागून आणली. दोन बाजूंना दोन जाड बांबू, जाळ्याच्या दोरीने बांधलेले, आणि भंगारातल्या कुठल्यातरी मोटारीचा कमरेचा पट्टा. चौघांनी उचलायची. नुसतं उचलणंच नव्हे, मंडळ बाकीचंही करतं. इस्पितळात सोबतीला बसतं, कोणाच्या घरी चूल पेटली नाही तर पेज पोचवतं, अंथरुणाला खिळलेल्या माणसापाशी दुपारभर कोणीतरी जाऊन बसतं.

नव्या माणसाला मंडळात घ्यायची त्यांची रीत मात्र जगावेगळी. सुरुवातीच्या वर्षात कोणी एका दांडग्या पोराने एका म्हातारीला उचलताना मस्करी केली, खुर्ची हलवली, धावला. वर पोचल्यावर ती बाई म्हणाली, "तुका एकदा ह्यात बसवूक व्हयो." बस, तोच नियम झाला. नव्या माणसाने आधी खुर्चीत बसायचं. बाकीचे त्याला खालपासून वर देवळापर्यंत उचलून नेणार. वाटेत त्याने तोंड उघडायचं नाही, हात लावायचा नाही. वर नेल्यावर सगळे एकच विचारतात, "काय जड गेला?" खरं उत्तर द्यायचं. मग गाऱ्हाणं, आणि झालात तुम्ही मंडळाचे. हे वर्षातून एकदाच होतं, जत्रेनंतरच्या रविवारी.

गाऱ्हाण्याचं मी मालवणच्या माणसाला सांगायला नको, पण इतर कोणी वाचत असेल म्हणून सांगते. आमच्याकडे कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. होडी पाण्यात घालायची असो की नवी विहीर, एक जाणता माणूस उभा राहून मोठ्या आवाजात देवाला साकडं घालतो. तो श्वास घ्यायला थांबला की जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" काय बोलला ते ऐकून म्हणतात असं नाही. मनात माशांचा भाव चाललेला असला तरी तोंड आपोआप म्हणतं. पण एकदा म्हटलं की म्हटलं. देवासमोरचा शब्द, तो माघारी घेता येत नाही.

खाजणवाडीचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं आमचे घरकार, म्हणजे माझे यजमान, घालायचे. भिकाजी तांडेल. होडीवर तांडेल म्हणजे सगळ्यांत पुढचा, खलाशांना हुकूम सोडणारा. आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या गावातली माणसंसुद्धा "व्हय म्हाराजा" म्हणायची, असं आमच्याकडे थट्टेने सांगतात. गेल्याच्या गेल्या वर्षी, काजूच्या मोसमात, भर दुपारी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाटावर बसले होते ते एका बाजूला कलंडले. खुर्ची आली, चौघांनी उचललं, पट्टा आवळला आणि पाखाडी चढले. मी मागून. त्या वाटेवर मी काय काय ओरडले, मला आठवत नाही. वर गाडी उभी होती, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत, म्हणून माणूस वाचला. खुर्ची नसती तर मी आज हे सांगत बसले नसते. हे मला तेव्हाही कळत होतं. जन्मभर पुरेल एवढं ऋण, आणि मी तोंडाने साधं "बरं केलंत" एवढंही कोणाला म्हटलं नव्हतं.

म्हणायचं कसं? मालवणच्या बाजारात माझी खानावळ होती. कोर्टातले कारकून, एस्टीचे ड्रायव्हर, वाट चुकलेले पर्यटक, सगळे माझ्या हातचं जेवून गेले. मी कधी कोणाच्या दारात ताट घेऊन उभी राहिले नाही. घेत राहायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा येतो. आणि आता दर गुरुवारी दुपारी मंडळातलं कोणी ना कोणी घरी यायचं, घरकारांपाशी बसायला, म्हणजे मी जरा बाहेर पडावं. मी बाहेर पडायची? छे! आलेल्या माणसाला मी घावणे घालायची, मोरी माशाची आमटी वाढायची, वर पन्हं. जेवून त्याला अशी सुस्ती यायची की तो घरकारांच्या शेजारीच घोरायला लागायचा. मग मी दोघांना पंख्याने वारा घालत बसायची. अनुजा एकदा म्हणालीच, "काकी, तुमच्याकडे मदतीक माणूस धाडूचो म्हणजे तुमका एक काम वाढवन देवचा."

म्हणून मी ठरवलं होतं की आपणच मंडळात जायचं. मग ते येतील आणि मीही जाईन, बरोबरी होईल, मान वर करून राहता येईल. माझ्या जिवाला तेवढंच हवं होतं. आणि ही अनुजा म्हणते, खुर्चीत बस!

मी सगळ्या सबबी सांगून बघितल्या. पहिली सबब वजनाची.

"माझ्या वजनान तुमचे बांबू मोडतले गो."

"आमी त्याच खुर्चीवरसून जानकीवैनीचो फ्रीज खाली हाडलो. तुमी फ्रीजापरीस जड नाय."

दुसरी सबब वयाची, तिसरी लोक काय म्हणतील याची. अनुजा ढिम्म. चौथी सबब मी सांगितलीच नाही, कारण तीच खरी होती. ती खुर्ची समोर दिसली की मला तो पाट दिसायचा, कलंडलेलं माणूस दिसायचं. देवळाच्या ओवरीत ती ठेवलेली असते, तर मी देवदर्शनालाही मागच्या दाराने जायची. त्या खुर्चीत मी बसू?

"नको तर नको," मी निरोप धाडला. "आणि गुरुवारचा माणूसपण धाडू नका. आमी दोघां आमचा बघतलव."

रागाच्या भरात बोलले, पण बोलले. आता माघार घेईल ती सुभद्रा कसली!

घरकारांना हे सगळं ऐकू येत होतं. त्यांना कळतं सगळं, नुसतं बोलणं गेलं आहे. 'हां', 'नाय' येतं, बाकी शब्द अर्ध्यावर अडकतो. ते 'पा...' म्हणाले की मी धावत पाणी आणायची. कधीकधी त्यांना पानाचा डबा हवा असायचा, पण मी पाणी पाजूनच सोडायची. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना वेळ द्या, शब्द सापडायला वेळ लागतो. वेळ? खानावळीत कधी वेळ असतो का? गिऱ्हाईकाने 'मा' म्हटलं की मासे पानात पडलेले असायचे. डॉक्टर असंही म्हणाले होते की आरती, पाढे, असं पाठ झालेलं काही कधीकधी शाबूत राहतं. मी आरत्या म्हणून बघितल्या. घरकार भिंतीकडे बघत राहिले. आरतीत त्यांचं लक्ष आधीही नसायचं.

गुरुवार गेला, कोणी आलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही. त्यानंतर एके दिवशी दुपारच्याला मी त्यांना न्हाणीत नेत होते. ओल्या लादीवर त्यांचा पाय सरकला. मी धरलं, पण माझ्याने पेललं नाही. ते खाली बसले आणि त्यांना उचलायला वाकले ती माझ्या कमरेत अशी उसण भरली की मीही त्यांच्या शेजारी बसले. दोघं नवरा-बायको भरदुपारी न्हाणीत, एक हंड्याला टेकून, एक भिंतीला. पुण्याहून मुलाचा फोन वाजत होता, तो तिकडे स्वयंपाकघरात. उठता येईना.

हाक मारायची, एवढंच काम. शेजारच्या अंगणात अजय जाळं विणत बसलेला असतो. त्याच चौघांतला एक, घरकारांना वर नेलं त्यांतला. पण तोंड उघडेना. 'माका उचला' असं ओरडायचं? मी? परवाच निरोप धाडला होता ना, आमचं आम्ही बघू म्हणून! बसले तशीच, दात आवळून, डोळ्यांतून पाणी येतंय ते कमरेचं की कशाचं मला कळेना.

घरकारांनी माझ्याकडे बघितलं. मग मान वर केली, श्वास घेतला, आणि पोटातून आवाज काढला.

"व्हऽऽय म्हाराजाऽऽऽ!"

न्हाणीतली भांडी थरथरली. तोच आवाज. इतक्या महिन्यांत 'हां' आणि 'नाय' यांपलीकडे काही न निघालेल्या तोंडातून तो बाहेर पडला, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

आणि गंमत बघा. अजयच्या अंगणातून लगेच उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!" सुकी मासळी राखत बसलेल्या जानकीने तिकडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" त्याच्याही पलीकडून कोणीतरी म्हटलं. सगळे सवयीचे गुलाम! आणि मग अजयचा आवाज, "अरे, पण गाऱ्हाणा खंय चल्ला हा?"

त्यानंतर धावण्याचे आवाज. अजय आला, त्याची बायको स्वप्ना आली. स्वप्ना म्हणजे कसालची, नुकतीच लग्न होऊन आलेली, हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. अजयने घरकारांना अलगद उचललं. आणि त्या पोरीने मला उठवलं, माझे पाय पुसले, सुटलेला अंबाडा बांधला, पदर नीट केला. "रव गो, मी करतंय," असं मी म्हणणार होते, पण कंबर बोलू देईना. मी गप्प बसून करून घेतलं. किती वर्षांनी माझ्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागला होता! आईनंतर नसेलच. मला तिथेच रडू फुटलं. घरकार मात्र हसत होते, अर्ध्या तोंडाने, पण मनापासून.

कंबर धरून चालायला लागले तशी मी अनुजाला निरोप धाडला. "येतंय म्हणान सांग. बांबू तेवढे तपासून घेवा."

जत्रा झाली. रविवार आला. त्या वर्षी नवीन आम्ही दोघी, स्वप्ना आणि मी. अजयची बायको म्हणून तिला काही सूट नाही हं, तिलाही खुर्ची. आधी घरकारांना वर नेलं, कारण बघायला तर त्यांना यायचंच होतं. मग खुर्ची खाली आली आणि स्वप्ना बसली. ती पाखाडीभर खुदुखुदु हसत गेली, आम्हाला खालपर्यंत ऐकू येत होतं. मग रिकामी खुर्ची परत आली. माझ्यासाठी.

मी चांगलं लुगडं नेसले होते, डोक्यात अबोलीचा वळेसर माळला होता. म्हटलं, नेणारच आहेत तर नीट तरी नेऊ देत. मग बसले. अनुजाने पट्टा आवळला, माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवले आणि कानाशी म्हणाली, "आता वरपर्यंत काय एक करूचा नाय, काकी. नुसता बसूचा."

चौघांनी उचललं.

मला काय माहीत होतं, चढताना माणसाला उलटं नेतात! पाठ डोंगराकडे, तोंड खाडीकडे, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. वर काय आहे ते दिसतच नाही. दिसते ती खाली राहत गेलेली वाट, आणि मागून चालत येणारी माणसं. माझ्या मागून जानकी येत होती, पोरं येत होती, बाया हसत होत्या, कोणीतरी माझा फोटो काढत होतं. फणसापाशी वळणावर एक पायरी सुटलेली आहे. मला ती माहीत, आणि माझ्या जिभेच्या टोकाशी आलं, "रे अजय, डावीकडची बघ!" मी जीभ चावली. अजयने न बघताच पाय पलीकडे टाकला. त्याच्या मानेवरची शीर तटतटली होती, घाम निथळत होता, आणि मी राणीसारखी मांडीवर हात ठेवून बसलेली. पदर घेऊन त्याचा घाम पुसावा असं इतकं वाटलं! पण हात लावायचा नाही.

आणि तिथेच, त्या वळणावर, माझ्या डोक्यात लख्ख पडलं. त्या दिवशी घरकारही असेच बसले होते, तोंड खाडीकडे करून. आणि मागून मी येत होते. म्हणजे अख्ख्या पाखाडीभर त्यांना दुसरं काही दिसलंच नाही. मीच दिसले. केस सुटलेली, ओरडणारी, देवाला शिव्या घालणारी मी. आपलं काय होतंय याची भीती त्यांना होतीच, आणि वर माझी काळजी. काही करता येत नव्हतं त्यांना. हातसुद्धा हलत नव्हता. आणि या चौघांनी त्यांना किती सांभाळून नेलं असेल, ते आता मला माझ्या पाठीखाली कळत होतं. एक धक्का लागला नाही. प्रत्येक पायरीला खुर्ची आधी थोडी थांबत होती, मग उचलली जात होती. माझे आई-बाप गेले, सासू-सासरे गेले, पण या माणसांनी माझ्यासाठी काय केलं होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला कळलं. मी वाटभर रडले. बोलायचं नाही असा नियम होता, रडायचं नाही असा नव्हता.

देवळासमोरच्या मंडपात खुर्ची टेकली. घरकार ओवरीच्या कठड्याला टेकून काठी घेऊन बसले होते. सगळी वाडी जमली होती. रीतीप्रमाणे आधी स्वप्नाला विचारलं, "काय जड गेला?"

"माझे पाय," स्वप्ना म्हणाली. "लोंबकळत होते, ते खंय ठेवचे तांच कळा नाय. आणि हसू येय होता, तां भियान येय होता."

मान डोलावली सगळ्यांनी. मग अनुजाने मला विचारलं, "काकी, तुमका काय जड गेला?"

मी घरून मोठं उत्तर पाठ करून आणलं होतं. खानावळ, स्वाभिमान, असं बरंच. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"हात," मी म्हटलं. "माझे हात माका जड गेले. मोकळे हात घेवन कसा बसूचा, तां माका कधी कोणी शिकवकच नाय."

कोणी हसलं नाही. अजय दुसरीकडे तोंड करून मान पुसायला लागला.

मग गाऱ्हाणं. घरकारांच्या मागे ते अजयकडे आलं आहे. पोरगा गुणी आहे, पण त्याचं गाऱ्हाणं म्हणजे एस्टी स्टँडवर गाड्या पुकारल्यासारखं. उभा राहिला आणि सुटला, "बा देवा म्हाराजा, खाजणवाडीच्या राखणदारा, खाडीच्या आवशी, आज ह्या दोघी..."

खट्! घरकारांची काठी फरशीवर आपटली. अजय थांबला.

"नाय," घरकार म्हणाले. "नाय, नाय." आणि काठीने पाखाडीच्या वळणाकडे दाखवायला लागले. जुन्या माणसांच्या लक्षात आलं. वळणावरचा देवचार, तो वाटेचा राखणदार, त्याचं नावच अजयने गाळलं होतं. त्याच्याच वाटेने आम्हाला आणलं, आणि त्यालाच विसरला! घरकारांना ते सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी डावा हात कठड्यावर टेकला आणि उठायला लागले. मी पट्ट्यात अडकलेली. स्वप्नाने धावत जाऊन त्यांना आधार दिला. ते उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. आवाज जरा चिरका, पण सूर तोच, जुना. "खाजणवाडीच्या राखणदारा... वळणावरच्या... देवचारा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो दोघी... तुझ्या... तुझ्या..."

शब्द अडकला. मला माहीत होता. 'दारात.' माझ्या दातांपर्यंत आला होता, एरवी मी कधीच फेकला असता. पण मी खुर्चीत होते. मांडीवरचे हात मी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. आणि घरकार थांबले तशी सगळी वाडी सवयीने म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

ते थांबले होते श्वासासाठी नव्हे, शब्दासाठी. पण लोकांना काय, थांबला की म्हणायचं. आणि त्या आवाजाखाली त्यांना वेळ मिळाला.

"...दारात इल्यात."

"व्हय म्हाराजा!"

असं चाललं. ते अडकायचे, वाडी उचलून धरायची, ते पुढे जायचे. पाखाडीवर खुर्ची पायरीला थांबत होती ना, तसंच. एवढी माणसं एका माणसाचं वाक्य सांभाळून वर नेत होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी प्रत्येकाचं तोंड बघून घेतलं. जन्मात विसरणार नाही.

शेवटी मागणं आलं. मंडळाच्या गाऱ्हाण्यात ते ठरलेलं असतं, 'हेंच्या हातान चाकरी घडान दी,' म्हणजे यांच्या हातून सेवा घडू दे. सगळ्यांना पाठ. घरकारांनी स्वप्नाकडे हात केला आणि म्हणाले, "हिच्या हातान... चाकरी... घडान दी."

"व्हय म्हाराजा!"

मग माझ्याकडे हात केला. बघत राहिले. मला वाटलं, अडकले. वाडीलाही वाटलं. "व्हय म्हाराजा!" म्हणून झालं एकदा. पण ते अडकले नव्हते. शब्द त्यांच्याकडे होता, ते नुसते माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

"आणि हिका..." ते म्हणाले. "हिका... वायच... बसान दी."

"व्हय म्हाराजाऽऽ!"

सगळ्यांत मोठा, एका सुरात, मंडप दणाणून. म्हटल्यावर मग लोकांना कळलं काय मागितलं ते. कोणीतरी खुदकन हसलं, आणि सगळे हसायला लागले, अनुजा हसता हसता डोळे पुसायला लागली. घरकार खाली बसले, दमलेले, घामाघूम. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. सांगून टाकलं एकदाचं, अशी.

मला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की मी चूल गाठते. "थांबा," मी म्हटलं आणि पट्टा सोडायला लागले. "सगळ्यांका चाय मी टाकतंय."

अनुजाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला परत बसवलं. "काकी, अख्ख्या वाडीन देवासमोर व्हय म्हटला हा. आता आमका खोटे पाडतल्यात? आज मंडळात इल्यात, तर तुमची पहिली चाकरी हीच. बसूचा."

"बरा केल्यात गो," मी म्हटलं. तिला म्हटलं, आणि मग मोठ्याने सगळ्यांना म्हटलं. "त्या दिवशी तुमी बरा केल्यात. माझो माणूस माका परत हाडून दिल्यात."

बोलले बाई एकदाची. अजयने नुसता हात हलवला, 'ऱ्हवांदे' म्हटल्यासारखा.

चहा स्वप्नाने केला. देवळामागे तीन दगड मांडून, भल्या मोठ्या टोपात. पहिला पेला तिने मला आणून दिला, दुसरा घरकारांना. साखर मणभर होती आणि आलं नावालाही नव्हतं. खानावळीत असा चहा कोणी दिला असता तर मी टोपासकट ओतला असता.

मी सगळा प्याले. आणि पेला पुढे करून आणखी मागितला.